केप फिअरच्या तोंडाशी रुतलेली 'कॉन्डॉर': नाकेबंदी फोडायला निघालेल्या आगबोटीची गोष्ट

उंडगा_पाय

लाँग वीकएंडला घरचे सगळे बीचवर जायचं म्हणाले म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून अडीच तास गाडी हाकत कुरे बीचला गेलो होतो. आईबाबा पुण्याहून आलेत. बाबांना पाण्यात उतरायचं नाही, वाळू चपलेत जाते म्हणून कुरकुर, मग त्यांना घेऊन शेजारच्या फोर्ट फिशरला गेलो. किल्ला म्हणून सिंहगड डोक्यात ठेवून जाल तर पार निराशा होईल, दगड नाहीच, नुसते वाळूमातीचे उंच ढिगारे आणि त्यावर गवत. बाबा म्हणाले, "ह्याला किल्ला म्हणतात?" पण तेच त्याचं बळ होतं, दगडी भिंतीवर तोफेचा गोळा बसला की भिंत फुटते, वाळूत तो नुसता घुसतो आणि गप पडतो.

तिथल्या गाईडने समुद्राकडे बोट दाखवून सांगितलं की त्या तिथे, लाटा फुटतात त्याच्या थोडं पुढे, एक आगबोट १८६४ पासून पडून आहे. नाव कॉन्डॉर. तेव्हापासून डोक्यातून जाईना, घरी येऊन बरंच वाचलं, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहिती आहे त्यांनी स्क्रोल करा. अमेरिकेत यादवी सुरू झाली एप्रिल १८६१ मध्ये, आणि त्याच महिन्यात लिंकनने फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सगळ्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साडेतीन हजार मैल आणि हातात जहाजं मोजकी, त्यामुळे सुरुवातीला लोक हसले. दक्षिणेकडे कापूस भरपूर, पण बंदुका, दारूगोळा, बूट, औषधं, सगळं बाहेरून. मग इंग्लंडहून मोठ्या जहाजांनी माल यायचा बर्म्युडा बेटावर नाहीतर बहामाच्या नासाऊला, आणि तिथून पुढे लहान, वेगवान आगबोटी रात्रीच्या अंधारात पहारा चुकवून आत शिरायच्या, येताना बंदुका आणि जाताना कापूस. अशा आगबोटींच्या हजारावर खेपा यशस्वी झाल्या असा इतिहासकारांचा हिशोब आहे, आणि सव्वादोनशेच्या आसपास बोटी पकडल्या गेल्या किंवा नष्ट झाल्या.

विल्मिंग्टन हे त्यातलं सगळ्यात सोयीचं बंदर. शहर केप फिअर नदीत बरंच आत, नदीला तोंडं दोन, मध्ये बेट आणि त्याच्यापुढे लांबच लांब उथळ वाळू, म्हणजे पहारेकऱ्यांना दोन्ही दारं राखायची तर मोठा वळसा. उत्तरेकडच्या दाराला म्हणायचे न्यू इनलेट, आणि त्याच्या उशाशी हा फोर्ट फिशर.

आता कॉन्डॉर. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर बांधलेली, लांबी साधारण २२० फूट, बुटकी, निमुळती, एकामागे एक तीन धुराडी. कोरी करकरीत, ही पहिलीच सफर. ऑगस्ट १८६४ मध्ये ग्रीनॉकहून निघाली, वाटेत हॅलिफॅक्सला थांबली. बोटीवर एक खास प्रवासी, रोझ ओनील ग्रीनहाउ. ही बाई वॉशिंग्टनच्या बड्या लोकांच्यात उठबस असलेली विधवा, आणि दक्षिणेची हेर. १८६१ च्या जुलैत बुल रनच्या पहिल्या लढाईआधी उत्तरेच्या फौजेची हालचाल तिने गुपचूप दक्षिणेच्या जनरल बोरगार्डकडे पोचवली असं सांगतात. पुढच्याच महिन्यात उत्तरेच्या पिंकर्टन नावाच्या डिटेक्टिव्हने तिला पकडलं. आधी घरातच नजरकैद, मग ओल्ड कॅपिटॉल तुरुंगात, धाकट्या मुलीसकट. मुलगी आठ वर्षांची. १८६२ मध्ये सोडून दक्षिणेत हाकलून दिलं, १८६३ मध्ये ती नाकेबंदी फोडूनच युरोपात गेली, लंडनला तुरुंगवासाच्या आठवणी छापल्या, त्याचे पैसे आले, आणि मुलीला पॅरिसच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवून परत निघाली.

३० सप्टेंबरची रात्र संपून १ ऑक्टोबरची पहाट होत होती, तीनचा सुमार, समुद्र खवळलेला. कॉन्डॉर पहाऱ्यातून आत शिरली पण निफॉन नावाच्या युद्धनौकेने हेरलं आणि पाठलाग सुरू. न्यू इनलेटच्या तोंडाशी आल्यावर पायलटला (म्हणजे तिथली वाट माहीत असलेल्या वाटाड्याला) समोर एक काळं धूड दिसलं, त्याला वाटलं शत्रूचीच बोट, त्याने झटकन सुकाणू फिरवलं आणि कॉन्डॉर वाळूत जाऊन बसली. समोरचं ते धूड म्हणजे नाइट हॉक, आदल्याच रात्री तिथे अडकलेली दुसरी नाकेबंदी फोडणारी बोट. म्हणजे आपल्याच माणसाला चोर समजून पळायचं आणि खड्ड्यात पडायचं.

आता किल्ला समोर, किल्ल्याच्या तोफांच्या धाकाने निफॉन जवळ येऊ शकत नाही. कॅप्टन म्हणाला सकाळपर्यंत गप बसा. पण बाई ऐकेनात. परत तुरुंगात जायचं नाही, मला आत्ताच्या आत्ता होडी द्या. शेवटी होडी सोडली, तिच्याबरोबर दक्षिणेचे दोन अधिकारी आणि काही खलाशी. होडी लाटेत उलटली. बाकीचे सगळे उलट्या होडीला धरून कसेबसे किनाऱ्याला लागले. ती एकटी बुडाली. अंगावर सुमारे २ हजार डॉलरचं सोनं होतं, कोणी म्हणतं गळ्यात पिशवी, कोणी म्हणतं कपड्यात शिवलेलं. सकाळी प्रेत पुळणीवर सापडलं. विल्मिंग्टनला ओकडेल कब्रस्तानात लष्करी इतमामाने पुरलं.

आणि जे बोटीवर थांबले ते सगळे वाचले. एकूण एक. मला हेच पचत नाहीये, काही तासांचा प्रश्न होता हो.

---

मोगरा७

वाह, मस्त लिहिलंय! पण एक बेसिक प्रश्न, इतकी युद्धनौकांची रांग लावलेली असताना एवढी दोनशे फुटी बोट दिसत कशी नाही? तीन धुराडी आहेत म्हणता, धूर तर दिसेल ना?

---

बंदरकर

मोगरा, चांगला प्रश्न. मी बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, तेव्हा हे माझ्या घरचं कार्य.

धुराचा इलाज म्हणजे कोळसा. साध्या कोळशाचा काळा लोट निघतो, अँथ्रासाइट जवळपास बिनधुराचा जळतो, तो राखून ठेवायचे आणि किनारा जवळ आला की भट्टीत तोच घालायचे. वाफ जास्त झाली की वर सोडली तर शिट्टी फुंकल्यासारखं, म्हणून ती पाण्याखाली सोडायची सोय. रंग मळकट राखाडी, धुक्यात विरघळून जाईल असा. डोलकाठ्या नावापुरत्या, कित्येक बोटींची धुराडी दुर्बिणीसारखी एकात एक सरकवून खाली करता यायची. बोट पाण्यावर इतकी बुटकी की लाटांच्या रेषेत मिसळते. दिवा एकही नाही, कंपासवर सुद्धा झाकण, सिगार ओढणाऱ्याला शिव्या. आणि रात्र निवडायची ती अमावास्येच्या आसपासची, पोचायचं भरतीच्या वेळी.

पहारेकरीही येडे नव्हते बरं. कोणी दिसली की ज्या दिशेला बोट गेली त्या दिशेला रॉकेट उडवायची, म्हणजे बाकीच्यांना कळतं कुठे धावायचं. मग ह्या लोकांनी स्वतःच रॉकेटं बाळगायला सुरुवात केली आणि पकडायला आले की उलट्या दिशेला उडवून द्यायचे. सगळा फ्लीट तिकडे पळतोय आणि हे इकडून आत :)

राहिला वाळूचा प्रश्न. नदीच्या तोंडाशी गाळ साठून दांडा तयार होतो, आमच्याकडे खाडीच्या तोंडाला बारा म्हणतात, आणि बारा ओलांडणं म्हणजे काय ते ज्याने ओहोटीत होडी आत घातलीय त्यालाच विचारा. आज जिथे दोन वाव पाणी आहे तिथे पुढच्या पावसाळ्यानंतर गुडघाभर. आमच्या गावचे तांडेल डोळे मिटून बारा ओलांडायचे, त्यांना डोंगरावरचं देऊळ आणि एक माड ह्यांची रेघ जुळवायची माहिती. विल्मिंग्टनच्या पायलटचंही तेच, म्हणून त्याला पगार सोन्यात. कॉन्डॉरच्या पायलटने चूक केली म्हणणं सोपं आहे. पाठीमागे निफॉन, पुढे अनोळखी काळी आकृती, तोंड अरुंद, समुद्र उसळलेला. मी असतो तर मीही सुकाणू फिरवलं असतं.

---

तिरपागडा

पगाराचा विषय काढलात म्हणून. ह्या धंद्याचे दर वाचून माझे डोळे पांढरे झाले होते. एका जाऊन-येऊन खेपेचे कॅप्टनला ५ हजार डॉलर, पायलटला साडेतीन हजार, चीफ इंजिनियरला अडीच हजार, साध्या खलाशाला अडीचशे, आणि अर्धे आधी, तेही सोन्यात. १८६४ मध्ये! बंदरकरकाका तुम्ही चुकीच्या शतकात नोकरी केलीत.

मालक लोक काय वेडे होते का एवढे पैसे द्यायला? नाही, दोन खेपा झाल्या की बोटीची किंमत वसूल, पुढचं सगळं नफा. बॅन्शी म्हणून एक बोट होती, अटलांटिक ओलांडणारी पहिली पोलादी बोट म्हणतात तिला, ती शेवटी पकडली गेली तरी मालकांनी त्याआधी सातशे टक्के कमावले होते. म्हणजे बोट बुडणं हा अपघात नाहीच, तो हिशोबात धरलेला खर्च. माणसं पण त्याच रकान्यात असावीत.

आणि सगळ्यांनी बंदुकाच आणल्या असं समजू नका. रॉयल नेव्हीचे कित्येक अधिकारी रजा टाकून खोट्या नावाने ह्यात उतरले होते, त्यातला एक होबार्ट-हॅम्पडन, पुढे तुर्की आरमारात जाऊन होबार्ट पाशा झाला तोच. त्याने आधी चौकशी केली की दक्षिणेतल्या बायकांना कशाची टंचाई आहे, उत्तर आलं कॉर्सेट. कॉर्सेट हातोहात खपले. बरोबर पोट साफ व्हायच्या गोळ्या नेल्या होत्या त्या मात्र विल्मिंग्टनात कोणी हातात धरेना. शेवटी फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारला कायदा करून चैनीच्या वस्तूंवर बंदी घालावी लागली आणि प्रत्येक बोटीत अर्धी जागा सरकारी मालाला ठेवायची सक्ती केली.

मला वाटतं कॉन्डॉरचा कॅप्टनही हाच होबार्ट. उंडगा, कन्फर्म कर.

---

उंडगा_पाय

@तिरपागडा, जुन्या लिखाणात होबार्टचं नाव दिसतं खरं, मीही आधी तेच धरलं होतं. पण कॉन्डॉरचा कॅप्टन विल्यम हेवेट, तोही नेव्हीचाच, तोही खोट्या नावाने. क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोलला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला गडी. पुढे अ‍ॅडमिरल झाला, १८८२ पासून ईस्ट इंडीज स्टेशनचा प्रमुख होता, म्हणजे आपला हिंदी महासागर त्याच्याच अखत्यारीत. विशेष म्हणजे ह्या भानगडीमुळे त्याच्या करिअरला काही धक्का बसलेला दिसत नाही. बोट पहिल्याच सफरीत घालवली, पाहुणी बुडाली, आणि साहेब पुढे सर झाले.

---

शंकेखोर

गोष्ट छान आहे पण सोन्याच्या वजनाने बुडाली हे मला नेहमीच फिल्मी वाटतं, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

२ हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने चारशेदहाच्या आसपास ब्रिटिश सॉव्हरिन, म्हणजे सोन्याची नाणी. एक सॉव्हरिन जेमतेम ८ ग्रॅम. म्हणजे झाले सव्वातीन किलो. आपल्या जुन्या तोळ्यात २८० तोळे. लग्नसराईत एखादी नवरी ह्याच्या चौथाई सोनं अंगावर घालून दिवसभर फोटो काढत फिरते, ते सोडा. सव्वातीन किलो म्हणजे वाण्याकडून आणलेली तांदळाची पिशवी. पोहणाऱ्या माणसाला त्रास होईल, पण होडीला धरून राहिलेल्या माणसाला तेवढं बुडवेल?

माझा संशय कपड्यांवर आहे. त्या काळच्या बड्या घरच्या बायकांचे घागरे, आत पेटीकोटांचे थर, वर जाड रेशीम, आत कॉर्सेट आवळलेला म्हणजे पूर्ण श्वाससुद्धा घेता येत नाही, ह्या सगळ्यात पाणी भरलं की किती किलो होईल विचार करा. ज्या बायका साडी नेसून नदीत उतरल्यात त्यांना सांगायला नको. बरोबरचे पुरुष वाचले ते शर्टपँटवर होते म्हणून. सोन्याचं लोकांना सांगायला बरं वाटतं, हाव करून मेली असा त्याचा सूर निघतो.

---

मोगरा७

शंकेखोर, पहिल्यांदाच तुमचं पटलं! आमची आजी विहिरीवर पाय घसरून पडली होती तेव्हा नऊवारीचा काचा सुटून पायात अडकला होता असं सांगायची. पोहता येत असून.

आणि ते सोनं कोणाला मिळालं मग?

---

उंडगा_पाय

सांगतात ते असं की पहाटे किनाऱ्यावर गस्तीच्या सैनिकाला पहिल्यांदा प्रेत दिसलं, त्याने पिशवी काढून घेतली आणि प्रेत परत पाण्यात ढकललं. नंतर ते पुन्हा वर आलं, ती कोण हे कळलं, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याने पैसे आणून दिले. मला ही गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत वाटते, पण विल्मिंग्टनात ती अशीच चालते.

शंकेखोर, कपड्यांचा मुद्दा जबरी आहे, बाबांना वाचून दाखवला. आई म्हणाली हे बायकांना विचारलं असतं तर पहिल्या मिनिटात सांगितलं असतं.

---

रुईवाला

धाग्यात कापूस आला आणि मी नाही आलो असं होणार नाही. आमच्या पणजोबांची खामगावला अडत होती.

मंडळी, तिकडे नाकेबंदी घट्ट झाली आणि इकडे मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालायच्या, तो बंद पडल्यावर गिरण्या बंद, लाखो कामगार घरी, आणि मग साहेबाला आठवण झाली सुरती रुईची. सुरती म्हणजे आपला हिंदुस्थानचा सगळाच कापूस, मग तो वऱ्हाडातला असो की धोलेऱ्याचा. आखूड धाग्याचा, त्यात कचरा, सरकी, आणि आपल्या लोकांनी वजन वाढवायला घातलेली माती पाणी. तिकडे सूत सारखं तुटायचं. तिथल्या प्रार्थनेत कोणी म्हणालं, देवा आम्हाला कापूस पाठव, तर मागून एक कामगार ओरडला, पण सुरती नको रे बाबा! हा किस्सा आमच्या घरी हसून हसून सांगायचे.

पण घेतला त्यांनी, न घेऊन सांगतात कोणाला. भाव चढत गेले, शेतकऱ्याच्या बायकोच्या अंगावर चांदी आली, आणि मुंबईचे शेठ लोक तर वेडेच झाले. पैसा ठेवायचा कुठे, मग कंपन्या काढा, बँका काढा, समुद्रात भरणी घाला. बॅक बे रिक्लेमेशनचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर गेला. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद, त्यांच्या सहीवर दुनिया चालायची. मग एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा जनरल ली शरण आला, रुई कोसळली, आणि १ जुलै १८६५ ला वायद्याचा दिवस आला तेव्हा द्यायला कोणाकडेच काही नव्हतं. प्रेमचंदही बसले. पण त्याआधी मुंबई विद्यापीठाला देणगी दिली होती म्हणून आज राजाबाई टॉवर उभा आहे, आईच्या नावाचा.

म्हणजे बघा, विल्मिंग्टनच्या बाऱ्यात एक आगबोट रुतली की मुंबईत रुईची गासडी महाग. आपल्या राजाबाई टॉवरच्या पायात ही कॉन्डॉर गाडलेली आहे म्हणा की.

---

शंकेखोर

रुईवाले, वाक्य चांगलंय पण गडबड आहे. कॉन्डॉर आत येत होती, तिच्यात कापूस नव्हताच, कापूस परतीच्या खेपेला भरला असता. आणि १८६४ मध्ये अटलांटिक खालून तार नव्हती, ती १८६६ ची, हिंदुस्थानपर्यंतची तार १८६५ मध्ये सुरू झाली. एका बोटीची बातमी मुंबईच्या कॉटन ग्रीनला पोचेपर्यंत दीड महिना तरी गेला असणार. एका बोटीने भाव हलत नव्हता, चार वर्षांच्या एकूण नाकेबंदीने हलला.

---

रुईवाला

मान्य, मान्य. जरा वाहवत गेलो. तरी परतीचा कापूस गेलाच ना, ती बोट एकदाही भरून बाहेर पडली नाही. असो, तुमच्यापुढे अडत चालायची नाही.

---

वल्हवणारी

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. सगळं रंजक आहे, लिखाणही छान आहे, पण ह्या सगळ्या धाग्यात एक शब्द अजून आलेला नाही. गुलामगिरी.

ती बाई कोणासाठी हेरगिरी करत होती? त्या बोटी कशासाठी बंदुका नेत होत्या? परतीला जो कापूस भरायचा तो शेतात वेचला कोणी? हेर, सोनं, वादळ, उलटलेली होडी म्हटलं की आपण लगेच तिच्या बाजूने श्वास रोखून धरतो, पोचेल का, पोचेल का. मीही धरला, म्हणूनच लिहितेय. तिच्या पुस्तकाच्या नावातच लिंकनच्या सरकारला गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांची राजवट असं हिणवलंय. आणि उंडगा, तू ज्या वाळूच्या ढिगाऱ्यावर बाबांना घेऊन उभा होतास तो रचायला गुलामांनाच राबवलं होतं.

नाकेबंदी फोडायचीच गोष्ट सांगायची तर रॉबर्ट स्मॉल्सची सांगा ना. चार्ल्स्टन बंदर, १३ मे १८६२. प्लँटर नावाची दक्षिणेची लष्करी आगबोट, हा तिचा सुकाण्या, स्वतः गुलाम. गोरे अधिकारी रात्री शहरात झोपायला गेलेले. ह्याने आणि बाकीच्या गुलाम खलाशांनी पहाटे बोट सोडली, वाटेत बायकापोरांना घेतलं, डोक्यावर कॅप्टनची गवती हॅट घातली, आणि एकेका किल्ल्यासमोरून बरोबर ठरलेली शिट्टी वाजवत, कॅप्टनसारखा उभा राहत बोट बाहेर काढली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर चढवली आणि सरळ नाकेबंदी करणाऱ्या जहाजांकडे गेला. ज्यांना चुकवायला बाकीचे अँथ्रासाइट जाळत होते त्यांच्याच दारात. पुढे तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला.

---

तिरपागडा

गवती हॅट घालून शिट्ट्या मारत! ह्यासमोर आमचे कॉर्सेट फिके पडले.

पण ताई, एक बारीक आक्षेप. माणूस चुकीच्या बाजूला होता म्हणून त्याचं बुडणं सांगूच नये का? गोष्ट ही गोष्ट असते.

---

वल्हवणारी

सांगूच नये कुठे म्हटलं मी. बाजू न सांगता सांगू नये एवढंच. पोरीला पॅरिसला ठेवून गेलेली आई म्हणून मलाही तिचं वाईट वाटतं. पोरगी तेव्हा अकराची झाली होती वाटतं. पण त्याच पहाटे विल्मिंग्टनात किती पोरी विकत घेतलेल्या होत्या.

---

बंदरकर

ताईंचं बरोबर आहे आणि माझ्याकडून ते राहून गेलं, कारण मी इंजिन बघतो, माल बघत नाही. आयुष्यभर हीच सवय.

त्यात एक भर घालतो. विल्मिंग्टनहून बाहेर पडणाऱ्या बोटीच्या तळात धूर सोडायचे, कापसाच्या गासड्यांच्या फटीत कोणी लपलं असेल तर खोकत बाहेर यावं म्हणून. पळून जाणारे सैनिक आणि पळून जाणारे गुलाम, दोघांसाठी. उंदीर मारायला आम्ही जहाज धुरी देतो, तसं.

आणि ह्या बोटींनी आणलेली आणखी एक वस्तू. १८६२ च्या ऑगस्टमध्ये केट नावाची बोट नासाऊहून आली, बरोबर पिवळा ताप. दहा हजारांच्या गावात सहाशेवर माणसं गेली. क्वारंटाइन नीट पाळलं नाही की काय होतं ते आपण बघितलंच आहे.

अवशेषांबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. कॉन्डॉर तिथेच आहे, साधारण २५ फूट पाण्यात, लोखंडी सांगाडा आणि इंजिन बऱ्यापैकी शाबूत. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने तिला राज्यातली पहिली हेरिटेज डाइव्ह साइट केली. वर बोया, खाली उतरणाऱ्याला बोटीचा नकाशा. जवळच मॉडर्न ग्रीस नावाची दुसरी बोट आहे, ती जून १८६२ मध्ये रुतली, शंभर वर्षांनी १९६२ च्या वादळात वाळू सरकली आणि उघडी पडली, तिच्यातून ११ हजारांवर वस्तू निघाल्या, रायफली, सुऱ्या, कानशी, कुदळी. गंमत म्हणजे ती रुतली तेव्हाच किल्ल्यातल्या लोकांनी तिच्यातल्या व्हिटवर्थ तोफा काढून घेतल्या होत्या, आणि किल्ल्याचा प्रमुख कर्नल लॅम्ब याने पुढे त्याच तोफा किनाऱ्यावर फिरवून नव्याने रुतणाऱ्या बोटींना वाचवायला वापरल्या. शेवटी १५ जानेवारी १८६५ ला किल्ला पडला. बाहेरच्या बोटींना पत्ताच नाही. उत्तरेच्या लोकांनी खुणेचे दिवे तसेच पेटवत ठेवले आणि स्टॅग आणि शार्लट अशा दोन बोटी बिचाऱ्या आपणहून आत येऊन नांगर टाकून बसल्या.

---

मोगरा७

आपणहून आत येऊन!! आणि ती नाइट हॉक, जिच्यामुळे हे सगळं झालं, तिचं काय?

---

बंदरकर

तिचं भलं झालं. निफॉनच्या माणसांनी आदल्या रात्री होडीतून येऊन तिला आग लावली होती, ती किल्ल्यातल्या लोकांनी विझवली, काही दिवसांनी भरतीला ती सुटली आणि विल्मिंग्टनला गेलीही. जिला चुकवायला गेले ती तरंगली, ही कायमची बसली.

---

वल्हवणारी

अजून एक सांगून थांबते, कारण ते ह्याच नदीचं आहे. विल्यम गुल्ड, विल्मिंग्टनचा गुलाम, कामाने प्लास्टर करणारा कारागीर. सप्टेंबर १८६२, गावात पिवळ्या तापाचा गोंधळ. आठजण एका होडीत बसून रात्री केप फिअर नदीतून खाली निघाले, त्याच पाण्यातून, तोच किल्ला, तेच तोंड. सकाळी बाहेर समुद्रात केंब्रिज नावाच्या युद्धनौकेने त्यांना वर घेतलं. तो नेव्हीत भरती झाला आणि नाकेबंदीच्या पहाऱ्यावरच कामाला लागला. रोजनिशी लिहायचा, ती छापलेली आहे. कॉन्डॉरसारख्या बोटी ज्यांना घाबरायच्या त्या जहाजांवर असे लोक होते.

विल्मिंग्टनात बेलामी मॅन्शन म्हणून मोठा बंगला आहे, दुरुस्ती करताना तिथल्या प्लास्टरच्या नक्षीत आतल्या बाजूला त्याच्या नावाची आद्याक्षरं सापडली. कोणाला दिसू नयेत अशी कोरलेली.

---

उंडगा_पाय

हे मला अजिबात माहीत नव्हतं. त्या बंगल्यावरून आम्ही गाडीने गेलो, पांढरे खांब बघून आई म्हणाली केवढं मोठं घर, आणि आम्ही जेवायला उशीर होतो म्हणून थांबलो नाही. ओकडेल कब्रस्तानात मात्र जाऊन आलो होतो, तिच्या कबरीवर लिहिलंय की ही दक्षिणेच्या सरकारकडे खलिते नेणारी होती.

वल्हवणारी, तुझा मुद्दा बरोबर आहे, मूळ पोस्ट मी एडिट करत नाही, ती तशीच राहू दे म्हणजे खालचं वाचताना अर्थ लागेल.

आईबाबांचं विमान पुढच्या रविवारी आहे. शनिवारी परत विल्मिंग्टन. बाबा आत्ताच विचारत होते की तिथे वाळू आहे का.

---

मोगरा७

फोटो टाक रे. आणि बाबांना बूट घालायला सांग.